मामाजी, बसलेला टोळ मला दिसत नाही

मामाजी, तेरवी आटोपली. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, आणि आज सकाळी बऱ्याच दिवसांनी घरात कुणी पाहुणा नव्हता. आई ओसरीवर तुमच्या बाजेकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना चहा दिला आणि "जरा जाऊन येते" म्हणून मी निघाले. कुठं, ते त्यांनी विचारलं नाही. आपल्या घरात सकाळी "जरा जाऊन येतो" म्हणजे बरडावर, हे कुणाला सांगावं लागत नाही.

सोयाबीन निघून गेलंय. तूर फुलावर आहे. तुरीच्या वरच्या अंगाला आपलं ते बरड, ती पडीक जमीन, तशीच, नांगर न लागलेली, मुरूम आणि गोटे आणि मधेमधे वाळलेलं कुसळी गवत. थोडं चालले असेन, तर पायाजवळून एक टोळ उडाला. मातीतूनच काहीतरी लालभडक सुटलं, काळ्या पट्ट्याचं, हवेत तिरपं गेलं आणि विझलं. जिथं विझलं तिथं मी नजर न हलवता गेले. मुरूम. बकरीच्या लेंड्या. मुरूम. खाली बसले, ओंजळीएवढ्या जागेत डोळे फाडून पाहिलं. नाही दिसला.

तुम्ही असता तर मागून म्हणाला असता, "अर्चना, तुह्या पायाच्या म्होरंच हाय तो. पाय नको टाकू."

तुमच्याशी बोलायची सवय अजून गेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुमचा जन्म कधीचा, शेती किती, मागे कोण कोण, ते सगळं तेरवीच्या पत्रिकेत छापून झालंय. मला दुसरंच बोलायचंय.

या घरात आले तेव्हा तुमच्याशी बोलायची सोयच नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, ताट ठेवायचं आणि मागच्या मागं निघून जायचं. तुम्हीही समोर आलात की खाकरायचे, म्हणजे मी बाजूला व्हावं. मी प्राणिशास्त्र शिकून आलेली, आणि चूल, भाकरी, धुणं यांत दिवस कसा जातो ते कळत नव्हतं. कुणाला काही विचारावं असं त्या शिक्षणात बरंच होतं, पण विचारायला माणूस नव्हतं.

मग ती दुपार. लग्न नवीन होतं, शरद वावरात होते आणि त्यांची शिदोरी घेऊन मी बरडावरून चालले होते. तुम्ही टाचांवर बसून जमिनीकडे एकटक पाहत होता. मला वाटलं काहीतरी पडलं असेल, आणि न राहवून मी बोलून गेले, "मामाजी, काई हारपलं का?"

तुम्ही खाकरला नाहीत. वरही पाहिलं नाहीत. म्हणालात, "हारपलं नाई. टोळ पाहून राह्यलो."

"कुठी हाय?"

"हा काय. तुह्या अन् माह्या मधात."

मी वाकून वाकून पाहिलं. तुमच्या नि माझ्या मधात फक्त जमीन होती. तुम्ही एक काडी घेतलीत आणि हळूच पुढं केलीत. काडीच्या टोकाजवळची माती उडाली. लाल पंख, काळा पट्टा. मी दचकून एवढी मागं सरले की डब्यातलं वरण सांडलं.

तुम्ही हसलात. मला तुमचं हसणं तोवर माहीतच नव्हतं. आणि मग तुम्ही एक प्रश्न विचारला, जो पुढं अनेक वर्षं आपण चघळला.

"तू शिकेल हाईस म्हंते. मंग सांग. या टोळाची सारी जिनगी लपण्यात जाते. कोणाले दिसू नये म्हून त्यानं आंग मातीचं करून घेतलं. मंग पंखाले पट्टा कायले? उडाला का साऱ्या दुनियेले दिसते."

शिदोरी उशिरा पोचली म्हणून शरद रागावले, वरण सांडलं म्हणून आईही. मी मात्र रात्री जुनी पुस्तकं काढली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या ताटात भाकरी वाढताना, पदर सांभाळत, हळू आवाजात म्हणाले, "फसवण्यासाठी, मामाजी. पाखरू लाल रंगामागं धावते. टोळ बसला का लाल दिसत नाही. पाखरू लाल शोधत राह्यते अन् टोळ तिथंच मातीत असते."

तुम्ही घास हातात धरून विचार केलात. "म्हंजे लपाले रंग हाय, अन् लपणं झाकाले अजून एक रंग हाय. लय बदमाश हाय बाप्पा."

आई म्हणाल्या, "कोण बदमाश हाय?" आणि तुम्ही घाईनं घास तोंडात घातलात, मी चुलीकडे वळले.

त्या दिवसापासून तुमचं खाकरणं थांबलं. मला पुढं मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, तेव्हा "घराची सून रोज बसनं जाईन का?" असं गावानं विचारलं. तुम्ही एकाच वाक्यात ते मिटवलंत, "मले टोळाबद्दल सांगाले कोणीतरी शिकत राह्यलं पायजे." लोकांना तो विनोद वाटला. मला तो परवाना वाटला, आणि अजून वाटतो.

सकाळी बसच्या आधी आपण बरडावर एक चक्कर मारायचो. तुमच्या शंका संपायच्या नाहीत. काळ्या वावराच्या धुऱ्या-बांधावरचे टोळ काळपट आणि मुरमातले फिके, तर ते दोन जातींचे की एकाच? तुमचं म्हणणं, ज्याला जो रंग मिळाला त्यानं तशी जमीन शोधली. माझं म्हणणं, पिल्लू कात टाकताना जमिनीसारखा रंग घेतं. "मले दाखव, मंग मानतो," म्हणालात. आपण तेलाचे दोन डबे कापले, एकात काळी माती, एकात मुरूम, वर मच्छरदाणीचा तुकडा, आत सारखीच दिसणारी पिल्लं. रोज गवत बदलायचं काम तुमचं. काळ्या मातीतलं एक पिल्लू खरंच गडद होत चाललं होतं, आणि तुम्ही "सावली हाय ते" म्हणून मान्य करत नव्हता. मग एका दुपारी शेजारच्या कोंबडीनं दोन्ही डबे आडवे केले. ती कोंबडी ऐटीत अंगणभर फिरत होती आणि तुम्ही तिच्याकडे बोट करून मला म्हणालात, "घे, निकाल तिच्या पोटात गेला. जाय, विचार तिले." तो वाद तिथंच राहिला. पुन्हा डबे लावू म्हणत होतो, लावले नाहीत.

पण मला खरं कुतूहल वाटायचं ते तुमचं. बसलेला टोळ तुम्हाला दिसायचा कसा? मी, शरद, कॉलेजातली पोरं, एकदा माझ्या सहकारी बाई आल्या होत्या त्या, कुणालाच दिसायचा नाही. तुम्ही चालता चालता म्हणायचे, "थो एक. थो दुसरा. त्या चपट्या गोट्याच्या बाजूले तिसरा." वय झालेलं, चष्मा जुना. मी विचारलं की म्हणायचे, "सवय हाय." मला ते पटायचं नाही. सवय आता मलाही झाली होती.

एकदा मी एक टोळ पकडला. चिमटीत धरून मागचा पंख हळूच उलगडला. उन्हात तो इतका सुंदर लाल दिसत होता की मी म्हणाले, "मामाजी, कुंकवासारखा आहे, नाही?"

"हो, हो, लालच हाय," तुम्ही म्हणालात. जरा घाईनंच म्हणालात.

थोडं पुढं गेल्यावर दुसरा उडाला. या जातीचे पंख क्वचित पिवळसरही असतात, आणि हा तसा होता. मी मुद्दाम नाही, सहज विचारलं, "आणि हा?"

"तसाच. लाल."

आपण चालत राहिलो. माझ्या डोक्यात मात्र एकामागून एक गोष्टी जोडल्या जात होत्या. पिकलेली मिरची तोडायला तुम्ही कधीच जात नव्हता. टमाटे हातात दाबून पाहायचे. माझ्या छत्रीचा रंग कोणता असं छोट्या पुतणीनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "तुले दिसत नाई काय, तूच सांग." बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक धडा शिकवते, लाल आणि हिरवा रंग वेगळा न दिसणाऱ्या माणसांचा. फळ्यावर आकृती काढते. बापाकडून लेकीकडे जातं, लेकीला काही होत नाही, तिच्या लेकात पुन्हा निघू शकतं. ती आकृती मी कितीदा काढली होती. तिच्यात आपलं घर मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली बसलो तेव्हा मी विचारलं. सरळच विचारलं, कारण आडून विचारलेलं तुम्हाला आवडायचं नाही.

तुम्ही खूप वेळ पायानं मुरूम उकरत राहिलात. मग म्हणालात, "कोणाले सांगशीन नाई?"

तेव्हा मला कळलं की तुम्ही रेल्वेची नोकरी का सोडली. घरातली कथा अशी होती: मामाजी तरुणपणी रेल्वेत ड्रायव्हरच्या जागेसाठी निवडले गेले, भुसावळला गेले, आणि चार दिवसांत परत आले, म्हणे गाव सोडून करमत नाही. गाव तेव्हा तुम्हाला भेकड म्हणालं. पुढं तुमचं वय झालं, शेती चांगली निघाली, तसं तेच गाव म्हणू लागलं, मातीवर माया असलेला माणूस. खरं एवढंच होतं की डॉक्टरांनी समोर ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक धरलं आणि विचारलं, यात कोणता आकडा आहे.

"आकडाच नव्हता वं त्याच्यात," तुम्ही म्हणालात. "निस्ते ठिपके. मले वाटलं, साहेब मजाक करून राह्यला. माह्या मागचा पोट्टा धाडधाड आकडे सांगून मोकळा झाला. तवा समजलं का आकडा हाय, मलेच दिसत नाई."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? डोयात खोट हाय म्हून? बहिणीचं लगन व्हायचं होतं. माह्यंबी व्हायचं होतं. त्यापक्षी भेकड बरा."

तुमचे वडील त्यानंतर बरीच वर्षं तुमच्याशी धड बोलले नाहीत, आणि कारण न कळताच गेले. हे सांगताना तुमचा आवाज बदलला नाही. मला रडू आलं, आणि तुम्ही मला समजावायचं म्हणून टोळ दाखवू लागलात, "थो पाह्य, थो पाह्य."

आणि तिथंच ते माझ्या लक्षात आलं. मी उठून उभी राहिले. "मामाजी, म्हणून तुम्हाला बसलेला टोळ दिसतो! आम्ही रंग शोधतो, म्हणून रंगानं फसतो. तुम्ही रंगाकडे पाहतच नाही. तुम्हाला त्याचा आकार दिसतो, कडा दिसते, सावली दिसते. आणि उडाला तरी तुम्ही लालच्या मागं लागत नाही, म्हणून तो कुठं बसला ते तुम्हाला सुटत नाही. त्याची बदमाशी तुमच्यावर चालतच नाही!"

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. "मन राखून राह्यली माहं."

"नाही हो."

"राखून राह्यली. ज्याले दिसत नाई त्याले म्हनाचं, तुले जास्त दिसते."

हा आपला दुसरा वाद. हाही मिटला नाही. तुमच्यासाठी ती शेवटपर्यंत खोट होती. मी किती प्रकारे सांगितलं, तुम्ही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. आता चाल, बस येईन."

मागच्या दिवाळीला सुनीताताई धनजहून माहेरी आल्या. सोबत अनिकेत. तुमचा हा एकुलता एक नातू, तुमच्यासारखाच उंच, तुमच्यासारखाच कमी बोलणारा. तो दोन वर्षं रेल्वेच्या ड्रायव्हरच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. इंजिनांची नावं त्याला देवांच्या नावांसारखी पाठ. मी पूर्वी ती आकृती आठवून एकदा म्हणालेही होते, "मामाजी, अनिकेतचे डोळे तपासायला पाहिजेत." तुम्ही झटकून टाकलं होतं, "त्याले चांगलं दिसते. उगा शंका नको घेऊ."

भाऊबीजेच्या सकाळी तो आपल्यासोबत बरडावर आला. तुम्ही मौजेनं म्हणालात, "अनिकेत, इथं टोळ बसेल हाय. सापडते का पाह्य. तुह्या मामीले इतकी वर्षं झाली, सापडत नाई."

अनिकेतनं मान खाली घातली आणि बोट दाखवलं. "हा काय. अन् एक तिकडे. त्या काडीजवळ अजून एक."

मी तुमच्याकडे पाहिलं. मामाजी, तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. अनिकेत हसत होता, जिंकल्यासारखा, आणि तुम्ही हातातली काठी जमिनीत रोवून उभे होता. "शाबास," म्हणालात. मग मला म्हणालात, "घरी जाऊ."

त्यानंतर आपलं भांडण झालं, खरं भांडण, सासरा-सुनेच्या मर्यादेबाहेरचं. मी म्हणत होते, आजच सांगा. तो परीक्षा पास होईल, निवड होईल, आणि मग तेच पुस्तक त्याच्यासमोर धरतील. तुम्ही म्हणत होता, कदाचित पास होणारच नाही, मग कायले सांगायचं? मी म्हणाले, "म्हणजे तो नापास व्हावा असं तुम्हाला वाटतं?" तुम्ही ताट सरकवून उठून गेलात. आई मला म्हणाल्या, काय बोलली तू त्यायले? मी तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून मला सांगता येईना. सुनीताताई परत गेल्या, अनिकेत गेला, आणि आपण सकाळची चक्कर बंद केली. मी बसच्या थांब्यावर एकटी उभी राहायचे. तुम्ही बरडाकडे तोंड करून ओसरीवर बसलेले असायचे.

मग एक दिवस मी निघाले तर तुम्ही धोतर-टोपी घालून दारात उभे. "मी येतो तुह्यासंगं. मंगरूळहून कारंज्याची बस धरू. आज सुट्टी टाक."

कारंज्यावरून धनजला पोचल्यावर सुनीताताईंना म्हणालात, पाणी नंतर, अनिकेत कुठी हाय? तो मागच्या अंगणात पुस्तक घेऊन बसला होता. तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसलात. मी दाराशी थांबले. तुम्ही सगळं सांगितलंत, भुसावळ, ठिपके, मागचा पोट्टा, वडील. मला सांगताना जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलंत, की परतीच्या गाडीत बसलात तेव्हा गार्डच्या हातात झेंडी होती आणि ती लाल आहे की हिरवी, हे तुम्ही गाडी सुटेपर्यंत ओळखायचा प्रयत्न करत राहिलात.

अनिकेत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुमाले हे आधीपासून ठाऊक होतं?"

"माह्यं ठाऊक होतं. तुह्यं दिवाळीले समजलं."

"दिवाळी होऊन किती दिवस झाले! अन् मी दोन वरसं झाले घासून राह्यलो." तो उभा राहिला. "तवाच सांगतलं असतं तं? माह्या मायेले सांगतलं असतं तं?"

तुम्ही म्हणालात, "चुकलं माह्यं."

तो घरातून निघून गेला. सुनीताताई मला विचारत होत्या, काय झालं, काय झालं. सांगायचं तुम्ही माझ्यावर टाकलं नाहीत. त्यांना जवळ बसवून तुम्हीच परत सगळं पहिल्यापासून सांगितलंत. आणि शेवटी म्हणालात, तुह्या मायले मात्र मी सांगीन, तू नको सांगू. त्या रडल्या. पण रागावल्या नाहीत. लेकी बापावर रागवायला उशीरच लावतात.

कारंज्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी अनिकेतला तपासलं. जे वाटलं होतं तेच निघालं. त्यानंतर त्यानं तुमचा फोन घेतला नाही. पोळा झाला, गणपती झाले, तो आला नाही. तुम्ही मला विचारायचे, "त्याचं काई समजलं का?" मी म्हणायचे, येईल. आपली चक्कर पुन्हा सुरू झाली होती, पण तुम्ही टोळ दाखवणं बंद केलं होतं. दिसायचे तुम्हाला, मला कळायचं. तुमची पावलं त्यांना चुकवून पडायची.

आणि मग ती सकाळ. तुम्ही वावरातून आलात, ओसरीवर टेकलात, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर आले. यापुढचं मला लिहायचं नाही.

पण एक तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. तो पंख तुम्हाला नेमका कसा दिसायचा? मी कुंकवासारखा म्हटलं, तेव्हा तुमच्यासमोर काय होतं? मातकट? काळपट सोनेरी? त्यात तुमच्यापुरतं काही सुंदर होतं का? रोज सकाळी तुम्ही बरडावर जायचे ते काय पाहायला? मी तुम्हाला नेहमी तुम्हाला काय दिसत नाही याबद्दल विचारलं. जे दिसत होतं ते वर्णन करायला सांगितलं असतं तर किती बोलला असता तुम्ही! पुस्तकात अशा डोळ्यांना रंग कसे दिसत असतील याची चित्रं असतात. ती सगळे रंग दिसणाऱ्यांनी अंदाजानं काढलेली. तुमच्या डोळ्यांतला टोळ तुमच्याबरोबर गेला.

आता कालचं सांगते. ते तुम्हाला कळायला पाहिजे.

जेवणं व्हायच्या आधी गावातली दोन-चार मोठी माणसं तुमच्याबद्दल बोलायला उभी राहिली. शेवटी तुमचे लहानपणचे मित्र उठले. म्हणाले, "आमच्या दोस्तानं रेल्वेची नोकरी लाथाडली. सरकारी नोकरी! कायले? तं या मातीसाठी. असा माणूस आता होणं नाई." लोकांनी माना डोलावल्या.

अनिकेत मांडवाच्या कडेला उभा होता. तुम्ही गेल्याचं कळल्यावर तो आला होता, खांदा दिला होता, पण कुणाशी बोलला नव्हता. तो पुढं आला.

"नाई. आजोबानं नोकरी लाथाडली नाई. त्यायले रंग दिसत नव्हते. लाल अन् हिरवा एकच दिसे. म्हून रेल्वेनं घेतलं नाई. मलेबी तसंच दिसते. मलेबी ड्रायव्हर होता येत नाई. त्यायनं मले येऊन सांगतलं. धनजले बसनं आले, एवढ्या वयात, अन् माह्यासमोर उकिडवे बसून सांगतलं. त्यायच्या बापालेबी सांगतलं नव्हतं. मी त्यायच्याशी बोललो नाई." तुमचे मित्र त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चाल पोरा, जेवाले बस."

संध्याकाळी त्यानं मला सांगितलं, ज्या जागांना रंगाची अट नाही अशा जागांचा अभ्यास त्यानं पावसाळ्यातच सुरू केला होता. "आजोबाले सांगणार होतो," म्हणाला. "दिवाळीले आलो असतो." तो रडला, मी त्याच्याजवळ बसून राहिले.

आईंना मात्र तुम्ही सांगितलंच नव्हतं. सांगीन सांगीन म्हणत राहिला होता. त्यांनी हे सगळं बायकांच्या बाजूला बसून पहिल्यांदा ऐकलं. पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या.

"अर्चना, कोणते रंग म्हने पोट्टा?"

"लाल अन् हिरवा, आई. मामाजींना दोन्ही सारखेच दिसायचे."

त्या चुलीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात, म्हणून मी हात धरला, तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या.

"लगन होऊन नवी नवी आलती मी. त्यायनं इचारलं, कारंज्याच्या बाजारातून काय आणू? मी म्हटलं, हिरवं लुगडं आणजा. तं आणलं कसं? विटकरी! मी म्हटलं, या माणसाले माही गोठच ऐकू येत नाई. ते लुगडं मी पेटीत टाकलं, एकदाबी आंगाले लावलं नाई. त्यायनं दोन-तीनदा इचारलं, काहून नाई नेसत? मी मानच फिरवली."

त्यांनी डोळे पुसले. हसणं थांबलं होतं.

"मले सांगाचं ना वं," आई म्हणाल्या. "सांगतलं असतं तं मी ते हिरवं म्हूनच नेसली असती."